सोलापुरातल्या कॉलेज बास्केटबॉल पंचाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर विद्यापीठ २००४ साली सुरू झालं, त्याच हंगामात मी पहिल्यांदा शिट्टी तोंडात धरली. दिवसा एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहितो आणि हंगाम आला की कॉलेजच्या सामन्यांना पंच म्हणून उभा राहतो. खालचे प्रश्न मुलं, त्यांचे आईवडील आणि पी.टी.चे सर वर्षानुवर्षं विचारत आले आहेत, कधी व्हॉट्सॲपवर, कधी पार्क चौकात गाडी थांबवून. एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून ठेवतो. नियम सांगताना आधार फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांचा आहे. मत सांगितलं असेल तिथे ते माझं आहे.

१. कॉलेजचा पंच म्हणजे कॉलेजने ठेवलेला माणूस का?

नाही. पंच कुठल्याच कॉलेजचा नसतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा विद्यापीठाची असते, यजमानपद एखाद्या कॉलेजकडे असतं. तिथले क्रीडा संचालक पंचांची सोय करतात, बहुतेक वेळा जिल्हा संघटनेकडे नावं मागून. तेच पंच पुढच्या आठवड्यात शालेय स्पर्धेत दिसतील आणि मे महिन्यात एखाद्या मंडळाच्या प्रकाशझोतातल्या स्पर्धेतही. ‘कॉलेजचा पंच’ असा वेगळा परवाना नसतो. तरी कॉलेजचा सामना वेगळा असतो, कारण खेळणारी मुलं अठरा-वीस वर्षांची, ताकद मोठ्या माणसाची आणि डोकं अजून तापणारं.

२. ज्युनिअर कॉलेजचे सामने यात धरायचे का?

अकरावी-बारावीची मुलं शालेय क्रीडा स्पर्धेत, १९ वर्षांखालील गटात खेळतात. त्या स्पर्धा जिल्हा क्रीडा कार्यालय घेतं. विद्यापीठाचा संबंध पदवीपासून सुरू होतो. एकाच आवारात, एकाच मैदानावर दोन्ही चालत असल्याने पालकांचा गोंधळ होतो, तो साहजिक आहे.

३. मैदानावर पंच किती असतात? आणि टेबलावर बसलेली मुलं कोण?

नियमाप्रमाणे एक क्रू चीफ (मुख्य पंच) आणि त्याच्यासोबत एक किंवा दोन अंपायर. आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत बहुधा दोघंच असतात. टेबलावर स्कोअरर, त्याचा सहायक, टायमर आणि शॉट क्लॉक (चेंडू मारायला मिळणाऱ्या सेकंदांचं घड्याळ) सांभाळणारा असे चौघं हवेत.

पंचांमधली ही विभागणी खेळाइतकीच जुनी आहे. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली स्प्रिंगफील्डला जे तेरा नियम लिहिले, त्यात अंपायरने माणसांकडे बघायचं आणि रेफ्रीने चेंडूकडे, असं स्पष्ट होतं. आता दोघांनाही दोन्ही बघावं लागतं.

टेबलाबद्दल जरा जास्त सांगतो, कारण तिकडे कुणाचं लक्ष नसतं. आपल्याकडे टेबलावर अनेकदा यजमान कॉलेजची दुसऱ्या वर्षाची मुलं बसवतात. त्यातल्या एकाला स्कोअरशीट भरता येतं, बाकीचे त्याच्याकडे बघून भरतात. पंचांचा अधिकार सामन्याच्या वीस मिनिटं आधी सुरू होतो. त्यातली पाच मिनिटं मी टेबलालाच देतो. ॲरो (पुढचा चेंडू कुणाला हे दाखवणारा बाण) कुठे ठेवायचा, पाचवा फाउल झाल्यावर मला कसं सांगायचं, बझर बंद पडला तर काय वाजवायचं. एकदा स्टीलचं ताट आणि चमचा वापरला होता. खणखणीत ऐकू आलं.

४. मी कॉलेजच्या संघात बाकावरच बसायचो. मला पंच होता येईल का?

येईल. मीही बाकावरचाच. तेव्हा सोलापूरची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होती. कोल्हापूरला संघासोबत गेलो की मी बाटल्या भरायचो आणि उरलेला वेळ पंचांकडे बघत बसायचो. खेळाडूला हात-पाय लागतात, पंचाला पाय आणि डोळे. उत्तम खेळाडू उत्तम पंच होतोच असं नाही. पुष्कळदा तो चेंडूच्या मागेच बघत राहतो. याबद्दल प्रश्न १० पाहा.

५. सुरुवात कुठून करायची? परीक्षा असते का?

जिल्हा संघटनेच्या माणसाला भेटा, किंवा थेट मैदानावर जाऊन पंचांना भेटा. पहिला हंगाम टेबलावर बसा. स्कोअरशीट न चुकता भरता आलं की निम्मे नियम आपोआप पाठ होतात. त्यानंतर शालेय सामने, १४ वर्षांखालील मुलांचे. तिथे ट्रॅव्हल (चेंडू धरून जास्त पावलं टाकणं) आणि डबल ड्रिबल (चेंडू आपटणं थांबवून पुन्हा आपटणं) इतके होतात की शिट्टी तोंडातून काढायला वेळ मिळत नाही.

राज्य संघटनेच्या शिबिरात लेखी परीक्षा, पळण्याची चाचणी आणि प्रत्यक्ष सामन्यातली पारख असते. त्यापुढे राष्ट्रीय पातळी आणि फारच थोड्यांसाठी फिबाचा परवाना. पळण्याच्या चाचणीत वीस मीटरवर दोन रेषा, मध्ये बीप आणि प्रत्येक टप्प्याला बीप लवकर येत जाते. लेखीत पास होऊन इथे गळालेले कितीतरी पाहिले आहेत. बी.पी.एड. असेल तर चांगलंच, पण त्याविना अडत नाही. इंग्रजीची मात्र थोडी तयारी ठेवा, नियमपुस्तक मुळात इंग्रजीत आहे आणि वरच्या स्पर्धांत बैठकाही इंग्रजी-हिंदीत होतात.

६. यात पैसे किती मिळतात? नोकरी सोडून करता येईल का?

नोकरी सोडू नका. मानधन दिवसाचं किंवा सामन्याचं असतं, बाहेरगावी गेलात तर प्रवासभत्ता आणि राहण्याची सोय. दर आयोजकागणिक बदलतो, म्हणून होकार देण्याआधी विचारा. विचारण्यात लाज नाही. नंतर कुरकुर करण्यात आहे. माझ्या पहिल्या स्पर्धेच्या मानधनात बुटांचा एक जोडही आला नव्हता. एका आयोजकाने तर दोन वर्षं ‘बिल पास झालं की देतो’ म्हणत नेलं आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा ड्युटीला बोलावलं. गेलो नाही.

माझ्या ओळखीचे बहुतेक पंच शाळेत क्रीडाशिक्षक आहेत, काही बँकेत, काही सरकारी नोकरीत. सुटी कशी मिळते हा या कामातला खरा प्रश्न आहे. आमच्या मालकांना बास्केटबॉल कळत नाही, पण मी मार्चअखेरीस एकही दिवस मागत नाही एवढं त्यांना कळतं.

७. पंचाचं वर्ष कसं जातं?

पावसाळ्यात शालेय स्पर्धा सुरू होतात, मग आंतरमहाविद्यालयीन. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो संघ भारतीय विद्यापीठ संघ (एआययू) या संस्थेच्या पश्चिम विभागीय स्पर्धेत खेळतो आणि तिथे टिकला तर अखिल भारतीय स्पर्धेत. राज्यातल्या विद्यापीठांचा ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सव असतो तो वेगळा. जानेवारीत, संक्रांतीच्या आसपास सोलापुरात स्पर्धा ठेवून उपयोग नाही. सिद्धेश्वरांची यात्रा असते, अख्खं गाव गड्ड्यावर असतं, निम्मे खेळाडूही.

एप्रिल-मे मध्ये इथलं ऊन चाळिशी पार करतं. दुपारी सिमेंटच्या कोर्टवर उभं राहिलं तर बुटाचा तळ मऊ होतो. सामने सकाळी सातला किंवा रात्री दिव्यांखाली. या दोन महिन्यांत मी पळतो आणि नियम वाचतो. नियमांत थोड्या थोड्या वर्षांनी बदल होतात. जुन्या नियमावर वाजवलेली शिट्टी ही सगळ्यात लाजिरवाणी.

८. शिट्टी कोणती घ्यायची? कपडे काय?

आत मणी नसलेली घ्या. तिची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. रॉन फॉक्सक्रॉफ्ट हे कॅनडाचे बास्केटबॉल पंच. १९८४ साली ब्राझीलमध्ये ऑलिंपिकपूर्व स्पर्धेतल्या एका सामन्यात त्यांनी फाउलसाठी फुंक मारली आणि शिट्टीतला मणी अडकला. आवाजच नाही, आणि प्रेक्षक खवळले. त्यांनी पुढे बिनमण्याची शिट्टी तयार केली, ती १९८७ साली बाजारात आली, तीच फॉक्स ४०. आपल्या धुळीत मण्याची शिट्टी एका हंगामातच बसते, त्यामुळे त्यांचं दुःख मला फार जवळचं वाटतं.

पंचाचा शर्ट, लांब काळी पँट, काळे मोजे, काळे बूट. शर्ट खोचलेला. दोन शिट्ट्या जवळ ठेवा.

९. माझ्या मुलीला पंच व्हायचंय. मुलांच्या सामन्याला मुलगी पंच चालते का?

चालते. नियमात पंच कोण याला स्त्री-पुरुष अशी अट नाही. व्हायोलेट पामर आणि डी कँटनर या दोघी १९९७ सालापासून एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये पुरुषांचे सामने सांभाळू लागल्या. आपल्याकडेही महिला पंच आहेत आणि हव्या आहेत.

अडचण मैदानाबाहेरची असते. बार्शी, अकलूज किंवा सांगोल्याला सामने असले की परतायला रात्र होते. कपडे बदलायला खोली नसते. स्वच्छतागृहाची किल्ली सापडत नाही. हे सगळं ड्युटी घेतानाच विचारायचं. माझ्यासोबत काम करणाऱ्या एक मॅडम या तीन गोष्टी फोनवर विचारल्याशिवाय होकार देत नाहीत. त्यांच्यामुळे आम्हालाही खोली मिळू लागली.

१०. आम्हाला बाहेरून स्पष्ट दिसलेला फाउल तुम्हाला दोन मीटरवरून का दिसत नाही?

हा प्रश्न रागाने विचारला जातो, पण प्रश्न चांगला आहे.

कोर्ट २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद. त्यात दहा खेळाडू आणि आम्ही दोघं. एक पंच पुढे पळून बास्केटखालच्या रेषेबाहेर उभा राहतो, त्याला लीड म्हणतात. दुसरा मागून येतो, तो ट्रेल. चेंडू हिसकावला गेला की लगेच उलट: ट्रेलचा लीड होतो आणि त्याला सगळ्यांच्या आधी पलीकडे पोचायचं असतं. प्रत्येकाची बघायची जागा ठरलेली. चेंडू माझ्या भागात नसेल तेव्हा मी चेंडू बघतच नाही, बास्केटखाली कोण कुणाचा बनियन धरतोय ते बघतो. प्रेक्षक सगळे चेंडू बघत असतात, म्हणून त्यांना वाटतं मी झोपलोय.

दुसरी गोष्ट फटीची. बचाव करणारा आणि चेंडूवाला यांच्यामधली फट दिसली तरच हात लागला की नाही ते कळतं. मी दोघांच्या सरळ रेषेत मागे असेन तर मला फक्त एक रुंद पाठ दिसते. अशा वेळी दोन पावलं बाजूला सरकायचं असतं, आणि तेही खेळ घडायच्या आधी. घडल्यावर सरकून काय उपयोग. तुम्ही पायऱ्यांवर बसलेले, तुम्हाला बाजूने फट दिसत असते. त्या एका क्षणी तुमची जागा माझ्यापेक्षा चांगली होती, एवढाच त्याचा अर्थ. नवे पंच शिट्टी कशी वाजवायची ते विचारतात. मी त्यांना कोर्टवर रिकामं पळायला लावतो आणि मध्येच थांबवून विचारतो, ‘इथून तुला काय दिसतंय?’

जे दिसलं नाही ते वाजवायचं नाही. अंदाजाने वाजवलेली शिट्टी दहापैकी सहा वेळा बरोबरही निघेल, पण उरलेल्या चार वेळांचा जबाब देता येत नाही.

११. ब्लॉक आणि चार्ज यातला फरक एकदाचा सांगा.

धडक झाली की दोघांचे पाठीराखे एकाच वेळी ओरडतात, एक ‘चार्ज’, दुसरा ‘ब्लॉक’. बघायचं असं: बचावपटूने आधी जागा घेतली होती का? म्हणजे समोर तोंड करून, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून. धडक छातीवर झाली का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर चूक चेंडूवाल्याची, तो चार्ज. बचावपटू तिरका घुसला, गुडघा-खांदा-कुल्ला मध्ये घातला तर ब्लॉक.

‘पण सर, तो हलत होता!’ हलला तरी चालतं. जागा घेतल्यावर बाजूला किंवा मागे सरकण्याचा त्याला हक्क आहे. पुतळ्यासारखं उभं राहिलं तरच चार्ज, हा सोलापुरातला सगळ्यात टिकाऊ गैरसमज.

अपवाद दोन. चेंडूवाला हवेत उडाला असेल तर त्याच्या उडण्याआधी जागा घेतलेली हवी, नंतर खाली सरकलात तर फाउल तुमचा. आणि बास्केटखाली १.२५ मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ असतं. चेंडूवाला हवेत असताना त्या अर्धवर्तुळात उभ्या बचावपटूवर आदळला, तर एरवी चार्ज दिला असता तो देत नाहीत. आपल्या काही जुन्या कोर्टांवर हे अर्धवर्तुळ रंगवलेलंच नसतं. मी सामन्याआधी खडूने काढतो.

१२. तीन पावलं झाली तरी ट्रॅव्हल का देत नाही?

कारण पहिलं मोजायचंच नसतं, निदान नेहमी तरी नाही. २०१७ पासून फिबाने पळत्या खेळाडूसाठी शून्य पाऊल आणलं: चेंडू हातात येताना जो पाय जमिनीवर आहे तो शून्य, त्यानंतर एक आणि दोन. उभ्या खेळाडूला ही सवलत नाही. मोजणी चेंडू पक्का धरल्यापासून करा, पायांपासून नको.

१३. एनबीएत आणि अमेरिकन कॉलेजमध्ये तर हे चालतं! इथे का नाही?

हा प्रश्न यूट्यूबने दिलेला आहे. आपण फिबाचे नियम खेळतो: दहा मिनिटांचे चार क्वार्टर, २४ सेकंदांचा शॉट क्लॉक, पाच फाउल झाले की बाहेर. एनबीएत बारा मिनिटांचे क्वार्टर आणि सहा फाउल. अमेरिकन कॉलेजचे नियम तिसरेच: शॉट क्लॉक ३० सेकंदांचा, मुलींच्या सामन्यांत २०१५-१६ पासून चार क्वार्टर, तर मुलांच्या सामन्यांत त्यानंतरही वीस मिनिटांचे दोन अर्ध चालू राहिले. तिथे तीन पंच, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे शर्ट.

सगळ्यात जास्त भांडणं रिंगवरच्या चेंडूवरून होतात. आपल्या नियमात बास्केटकडे मारलेला चेंडू एकदा रिंगला लागला की तो रिंगवर घुटमळत असला तरी कुणीही हाताने उडवू शकतो. अमेरिकेत रिंगच्या वरची जागा वर्ज्य आहे. म्हणून व्हिडिओत जे गोलटेंडिंग (रिंगवरचा चेंडू उडवण्याची चूक) असतं ते पार्क मैदानाशेजारच्या कोर्टवर उत्तम बचाव ठरतं.

एक गोष्ट मात्र सारखी आहे: तिथल्या कॉलेज पंचांतही सोमवारी सकाळी दुसऱ्या कामावर हजर होणारे पुष्कळ असतात.

१४. तुमच्याकडून मोठी चूक झाली आहे का? चुकल्यावर काय करता?

झाली आहे. एक सांगतो.

एका पॉइंटने पुढे असलेला संघ, शेवटचे दोन-तीन सेकंद, समोरच्या मुलाने लांबून चेंडू मारला. मी ट्रेल होतो. शेवटच्या सेकंदाचा शॉट ट्रेलने बघायचा असतो, आणि बघायचा म्हणजे हात बघायचा: बझर वाजण्याआधी चेंडू हातातून सुटला का. मी हात बघितलाच नाही. सगळ्या मैदानासारखा मीही चेंडूच्या मागे रिंगकडे बघत राहिलो. चेंडू आत गेला, मी बास्केट धरली. हरलेल्या संघाचे सर ओरडत आले नाहीत. गर्दी पांगल्यावर शांतपणे म्हणाले, ‘सर, वाद घालायला आलो नाही. तुम्ही काय पाहिलं तेवढं सांगा.’ मला सांगता आलं नाही. ती बास्केट कदाचित बरोबरही असेल. तरी त्या प्रश्नाला आजही उत्तर नाही.

नियमाचं म्हणाल तर फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारा बिनअडथळ्याचा शॉट) द्यायचे राहिले, भलत्याच खेळाडूने मारले, अशा मोजक्या चुका ठराविक वेळेत दुरुस्त करता येतात. फाउल दिला किंवा नाही दिला हे त्यात येत नाही. व्हिडिओ बघण्याची सोय नियमात आहे, पण त्यासाठी मान्य यंत्रणा लागते. मावसभावाच्या मोबाइलवरचा व्हिडिओ चालत नाही. आणि चुकीची भरपाई म्हणून समोरच्या संघाला एक उगाच फाउल देणं, ज्याला ‘मेक-अप कॉल’ म्हणतात, ते कधीही करू नका. त्याने एकाच्या दोन चुका होतात.

१५. प्रेक्षक शिव्या देतात तेव्हा राग येत नाही?

‘चष्मा घाल बे!’ ही शिवी नाही, आणि चष्मा मी घालतोच. पहिली दोन वर्षं राग यायचा. आता आवाज येतो, शब्द येत नाहीत.

खेळाडू आणि बाकावरच्यांचं वेगळं. तिथे टेक्निकल फाउल आहे: एक फ्री थ्रो आणि दोन टेक्निकल झाले की खेळाडू बाहेर. सोलापुरात यात एक गंमत असते. इथली मुलं मराठीत खेळतात आणि तेलुगू, कन्नड किंवा दखनीत शिव्या घालतात, पंचाला कळणार नाही या भरवशावर. आमच्या कारखान्यात निम्म्या लोकांच्या घरी तेलुगू बोलतात. वीस वर्षांत मला तेलुगूत जेवायला बोलावणं जमलं नाही, पण टेक्निकल देण्याइतकी भाषा चोख येते. ज्या मुलाला पहिल्यांदा दिला त्याचा चेहरा अजून आठवतो. फाउलपेक्षा धक्का जास्त बसला होता.

हात उगारला, ढकललं तर मात्र क्षणभरही थांबू नका. खेळ थांबवा, आयोजकांना मध्ये घ्या, लेखी अहवाल द्या.

१६. खेळणारं कॉलेज तुमचंच असेल, किंवा पुतण्या खेळत असेल तर?

नियम स्पष्ट आहे: पंचाचा मैदानावरच्या कुठल्याही संघाशी काहीही संबंध नसावा. आता हा नियम सोलापुरात लावून बघा. इथे कोण कुणाचा कोण हे विचारायला लागलो तर सामन्याला पंचच उरणार नाही. एका संघाचे सर माझ्यासोबत खेळलेले, दुसऱ्या संघाचा कॅप्टन माझ्या गल्लीतला, टेबलावर माझ्या साहेबांची मुलगी.

म्हणून मी रेषा अशी आखली आहे. रक्ताचं नातं, माझं स्वतःचं कॉलेज, किंवा मी शिकवलेला संघ असेल तर ड्युटी बदलून मागतो, आणि सामन्याच्या दिवशी नाही, वेळापत्रक हातात पडल्याबरोबर. ओळख असेल तर उभा राहतो, पण सामन्याआधी कुणाशी गप्पा नाहीत, चहा नाही. गल्लीतला कॅप्टन ‘काका’ म्हणाला तर कोर्टवर ‘सर’ म्हण, असं सांगतो.

हे शहाणपण चुकीतून आलं. पहिल्याच हंगामात दुसरा पंच नव्हता म्हणून माझ्या जुन्या कॉलेजच्या सामन्याला उभा राहिलो. कुणी नाव ठेवू नये या धास्तीने मी आमच्याच मुलांवर बारीकसारीक गोष्टींना शिट्टी वाजवत सुटलो. दोघं पाच फाउलवर बाहेर गेले, सामना गेला. समोरचे सर शाबासकी देऊन गेले, ‘काय निष्पक्ष पंच!’ आमच्या मुलांवर मी अन्याय केला हे त्यांना कळलं नाही, मला कळलं होतं. निष्पक्ष दिसण्यासाठी वाजवलेली शिट्टी आणि न पाहता वाजवलेली शिट्टी यात मला आता फरक वाटत नाही. (प्रश्न १४ मधल्या सरांचा प्रश्न इथेही लागू आहे.)

१७. दोन पंचांनी उलटे संकेत दिले तर कुणाचं खरं?

दोघांनी एकत्र यायचं, बोलायचं, मग एक निर्णय द्यायचा. एकमत झालं नाही तर क्रू चीफचा निर्णय शेवटचा. एरवी एका पंचाने दुसऱ्याचा निर्णय झिडकारता येत नाही, क्रू चीफ असला तरी. सामन्यानंतर खोलीत भांडा, हवं तेवढं.

१८. आमची एसटी मोहोळजवळ बंद पडली. संघ उशिरा पोचला तर सामना जातो का?

ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत खेळायला तयार असे पाच खेळाडू कोर्टवर नसतील तर सामना समोरच्या संघाला, २०-० असा. यात दया-माया पंचाच्या हातात नाही. आयोजकांनी वेळच पुढे ढकलली तर गोष्ट वेगळी, म्हणून एसटी बंद पडली की पहिला फोन आयोजकांना करा, पंचांना नको.

१९. आमचे खेळाडू फाउलवर बाहेर जाऊन तीनच उरले. खेळता येईल का?

येईल. सुरुवातीला पाच लागतात, पण नंतर दोघं उरेपर्यंत खेळ चालतो. एकच उरला की सामना गेला. समोरचा संघ पुढे असेल तर तोच स्कोअर राहतो, नसेल तर २-० लिहितात. मी तिघांना पाचांशी शेवटचं दीड मिनिट तग धरताना पाहिलं आहे. हरले, पण टाळ्या त्यांनाच पडल्या.

२०. निर्णय मान्य नसेल तर लेखी तक्रार कशी करायची?

सामना संपल्यावर पंधरा मिनिटांच्या आत कॅप्टनने क्रू चीफला सांगून स्कोअरशीटवर निषेधाच्या रकान्यात सही करायची. इथेच बहुतेक संघ चुकतात: सर संध्याकाळी पत्र घेऊन येतात, सही नसते. आणि ‘तो चार्ज नव्हता’ हे निषेधाचं कारण होत नाही. स्कोअर, वेळ किंवा शॉट क्लॉक यातली न सुधारलेली चूक, सामना रद्द किंवा बहाल करण्याचा निर्णय, खेळाडूची पात्रता, एवढीच कारणं चालतात. फी आणि पुढची मुदत स्पर्धेच्या परिपत्रकात बघा.

२१. हातातला गंडा, कानातलं, पगडी, हिजाब: काय चालतं?

दागिने आणि दुसऱ्याला लागेल अशी वस्तू चालत नाही. नखंही कापलेली हवीत. अक्कलकोटहून आणलेला दोरा काढायला मुलं तयार नसतात. मऊ दोरा असेल तर मी त्यावर पट्टी गुंडाळायला सांगतो, कडं असेल तर काढावंच लागतं.

पगडी आणि हिजाबला आता परवानगी आहे. २०१४ साली चीनमधल्या आशिया चषकात भारताच्या अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग यांना पगडी काढायला लावली होती. त्यावरून बराच गदारोळ झाला. २०१७ पासून फिबाने नियम बदलला. काळं, पांढरं किंवा जर्सीच्या रंगाचं, चेहरा न झाकणारं आणि कुठेही पिना-गाठी बाहेर न आलेलं डोक्यावरचं वस्त्र चालतं. कुणी पंच अजून जुना नियम सांगत असेल तर नम्रपणे नवा दाखवा.

२२. पाऊस आला किंवा लाइट गेली तर?

खेळ थांबवायचा निर्णय क्रू चीफचा. सप्टेंबरातला आपला परतीचा पाऊस दहा मिनिटांत कोर्टचा तलाव करतो आणि अर्ध्या तासात ऊन पडतं. मी घड्याळ, स्कोअर, फाउल, ॲरो यांचा टेबलावरच मोबाइलवर फोटो काढून ठेवतो आणि वाट बघतो. पोती टाकून कोर्ट पुसल्यावर स्वतः पळून, अचानक थांबून बघतो. माझा पाय घसरला तर खेळ नाही. कुठल्या मुलाचा गुडघा गेला तर त्या दिवशी कोण जिंकलं हे कुणी विचारत नाही.

२३. दोन्ही संघ राजी असतील तर नियम थोडा सैल करता येतो का?

नाही. नियमात बदल मान्य करण्याचा अधिकार पंचांना दिलेलाच नाही. हा प्रश्न अगदी खऱ्या प्रसंगातून येतो: निवड समिती समोर बसलेली, चांगला मुलगा तिसऱ्या क्वार्टरमध्ये पाचव्या फाउलवर बाहेर, आणि दोन्ही कॅप्टन येऊन म्हणतात, ‘सर, खेळू द्या ना, आमची हरकत नाही.’ वाईट वाटतं. पण उद्याच्या सामन्यात ज्याला बाहेर बसवलं जाईल त्याला काय सांगू? सामने जास्त आणि दिवस कमी म्हणून आठ मिनिटांचे क्वार्टर ठेवायचे असतील तर ते आयोजकांनी स्पर्धेआधी जाहीर करायचं.

२४. पंचालाच लागलं तर? आणि पंचाने थांबायचं कधी?

लागलं आणि पाच मिनिटांत उभा राहू शकला नाही, तर बदली पंच असल्यास तो येतो, नाहीतर उरलेला एकटा सामना पुढे नेतो. माझी पोटरी एकदा अशी धरली होती. जोडीदाराने संपूर्ण चौथा क्वार्टर एकट्याने पळून काढला आणि नंतर आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

थांबायचं कधी, हे पंचाला स्वतःला उशिरा कळतं. आधी इतरांना दिसतं. टेबलावर बसवून मी तयार केलेल्या मुलांपैकी दोघं आता पंचाची परीक्षा पास झाली आहेत. त्यातला एक मागच्या हंगामात माझा जोडीदार होता. सामन्यानंतर बूट सोडताना म्हणाला, ‘सर, रागावू नका, पण तिसऱ्या क्वार्टरपासून तुम्ही लीडला उशिरा पोचत होता. दोनदा तुम्हाला नुसती पाठ दिसली असणार.’ दोनदा नाही, तीनदा. यंदा मी आयोजकांना कळवलं आहे की दिवसाला दोनच सामने घेईन, आणि तेही सकाळचे.